सातवीतल्या मुलीसोबत घरी कविता कशी वाचू? (नाशिक)

शेवंती | १६ ऑगस्ट, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. जुना धागा शोधला, सापडला नाही, म्हणून नवा काढतेय.

लेक सातवीत आहे, मराठी माध्यम. पहिल्या चाचणीचा पेपर काल हातात आला. पावसावरच्या कवितेत तुम्हाला काय आवडले, असा प्रश्न होता. तिने लिहिलं होतं, 'पाऊस सुरू झाला की माझी आजी बोलायची थांबते आणि खिडकीशी बसते. कवितेतली शेवटची ओळ वाचताना मला तसं वाटलं.' त्याला अर्धा गुण. शेजारी लाल शाईत, 'वहीतले उत्तर लिहावे.' बाईंच्या वर्गात साठ मुलं आहेत, त्यांना दोष देत बसायचं नाहीये. पण लेकीने पेपर घडी घालून दप्तरात ठेवला आणि म्हणाली, "आई, मग मी पाठच करते." ती रडली असती तर बरं झालं असतं.

मी कॉमर्सची. दहावीनंतर कवितेशी संबंध सुटला. नोकरी सातपूरला, घर इंदिरानगरला, घरी पोचेपर्यंत सात वाजतात. स्वयंपाक उरकून अर्धा तास रोज नक्की काढू शकते. त्या अर्ध्या तासात काय करू? मला तिची उत्तरं सुधारायची नाहीत, तिने कविता टाकून देऊ नये एवढंच हवंय. सासूबाई घरी असतात, मूळच्या सिन्नरकडच्या. त्यांना लिहिता-वाचता फारसं येत नाही, त्यामुळे अभ्यासात मदत नाही.

---

सिडकोकर | १६ ऑगस्ट, रात्री ११:२५

ताई, आमच्याकडेही हेच झालं होतं. दोन वह्या करा. शाळेची शाळेसाठी, घरची घरासाठी. मुलीला सरळ सांगा की परीक्षेत काय लिहायचं ते वेगळं आणि तुला काय वाटलं ते वेगळं, दोन्ही आलं पाहिजे. मुलांना हे कळतं. पण मार्कांकडे दुर्लक्ष करू नका, पुढे दहावी आहे.

---

जुने मास्तर | १७ ऑगस्ट, सकाळी ६:५०

शेवंतीताई, एकतीस वर्षं मराठी शिकवलं, आता नाशिकरोडला निवांत असतो. तुमची पोस्ट पहाटे वाचली आणि चहा गार झाला.

पहिली गोष्ट. अर्थ विचारू नका. निदान पहिले तीन दिवस तरी नाही. आपण कविता डोळ्यांनी वाचायला बसवतो आणि लगेच 'कवीला काय म्हणायचे आहे' विचारतो. मराठी कविता शेकडो वर्षं तोंडातून कानात गेली आहे. ती आधी तोंडात येऊ द्या. उभं राहून, मोठ्याने, हवं तर स्वयंपाकघरात कणीक मळता मळता. तुम्ही एकदा म्हणा, ती एकदा म्हणेल. चाल लागली तर लागू द्या, चुकीची लागली तरी चालेल.

दुसरी गोष्ट स्टीलच्या डब्याची. मी वर्गात हे बाकावर करायचो, घरी पिठाचा डबा घ्या. ऱ्हस्व अक्षराला बोटाची टिचकी, दीर्घ अक्षराला तळव्याची थाप. पुस्तकात यालाच लघू आणि गुरू म्हणतात. आता म्हणा,

मना सज्जना भक्तिपंथेचि जावे

टिक् थाप थाप, टिक् थाप थाप, टिक् थाप थाप, टिक् थाप थाप. चार वेळा तेच. बारा अक्षरं. 'सज्जना'तला स ऱ्हस्व दिसतो, मग थाप का? कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येतो. 'भक्ति'मधल्या भ चंही तसंच. हे मुलीला आधी सांगू नका. तिची टिचकी तिथे अडखळेल, ती थांबेल आणि विचारेल. तेव्हा सांगा. मग 'तुम्ही' या शब्दावर वाजवून बघा म्हणावं. तिथे जोडाक्षर असूनही तु वर आघात येत नाही. मराठीत म्ह, न्ह, ल्ह, ऱ्ह यांच्या बाबतीत असं बऱ्याचदा होतं. बोटांना ते आपोआप कळतं.

या वृत्ताचं नाव भुजंगप्रयात. भुजंग म्हणजे साप, प्रयात म्हणजे चाल. चारदा तोच झोका घेत ओळ पुढे सरकते, सापासारखी. सातवीतल्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात. 'यमाताराजभानसलगं' हे सूत्रही या वयात पाठ होतं आणि जन्मभर राहतं. गण म्हणजे तीन अक्षरांचा गट. य पासून तीन अक्षरं घ्या, यमाता, झाला य गण. म पासून तीन, मातारा, म गण. असे आठही गण त्या एका शब्दात बसवलेले आहेत.

आणि सध्या श्रावण आहे, तेव्हा बालकवींची कविता घ्याच.

श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे
क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे

इथे अक्षरं नाही, मात्रा मोजायच्या. लघूची एक, गुरूची दोन. आठ, आठ, आठ आणि सहा. दोन्ही ओळी तीस-तीस. नेहमीच्या लिहिण्यात आपण 'चोहीकडे' लिहितो, इथे 'चोहि' ऱ्हस्व आहे. दीर्घ केलात तर एकतिसावी मात्रा होते आणि ओळ लंगडते. मुलीला दोन्ही तऱ्हेने म्हणायला लावा. तिचा कानच सांगेल.

हे कवी मूळचे धरणगावचे, म्हणजे आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यातले. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे त्यांनी कविता म्हटली आणि त्यांना 'बालकवी' ही पदवी मिळाली. वय सोळा-सतरा. तुमच्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे, बस्स.

---

मृद्गंध | १७ ऑगस्ट, सकाळी ९:१०

मास्तर, +१. डब्यावर वाजवून पाहिलं. ऑफिसला उशीर झाला.

---

शेवंती | १८ ऑगस्ट, रात्री ९:५५

सर, मनापासून आभार. काल आणि आज दोन्ही रात्री आमच्याकडे पिठाचा डबा वाजला. 'सज्जना'वर ती खरंच अडखळली, तिसऱ्या वेळी म्हणाली, "आई, इथे बोट आपोआप जड होतं." मी काहीच सांगितलं नव्हतं.

'शिरवे' मला माहीत नव्हतं. शब्दकोश घरात नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, सरी गं सरी. येऊन जातात त्या." लेक चकित. मीही.

रविवारी त्र्यंबक रस्त्याला गेलो होतो. अंजनेरीच्या अलीकडे गाडी थांबवली. डोंगरावर ऊन आणि आमच्या टपावर पाऊस. तिने खिडकीबाहेर हात काढून दुसरी ओळ म्हटली, मग म्हणाली, "पहिल्या 'क्षणात'ला पाऊस आणि दुसऱ्या 'क्षणात'ला ऊन, म्हणून मध्ये 'फिरुनी' आहे." इतकं साधं, पण मला पस्तीस वर्षांत दिसलं नव्हतं.

---

पायवाट | १९ ऑगस्ट, दुपारी ३:१५

आमचा मुलगा बारा वर्षांचा, दोन वर्षांपासून घरीच शिकतो, आठवीची परीक्षा मुक्त शाळेतून देईल. त्यामुळे कविता पूर्णपणे आमच्या गळ्यात. जे उपयोगी पडलं ते लिहिते.

फक्त त्याच्या इयत्तेचं पुस्तक धरून बसू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळ्या इयत्तांची पुस्तकं मोफत मिळतात. आम्ही पाचवीपासून दहावीपर्यंतच्या कविता उतरवून घेतल्या. दहावीची कविता बाराव्या वर्षी पूर्ण कळत नाही, कळायची गरजही नाही. एखादी ओळ आवडली तरी पुरे.

पुस्तकांसाठी सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आहेच. १८४० पासूनचं वाचनालय आपल्या गावात आहे आणि आपण मुलांना मॉलमध्ये नेतो, याचं मला फार वाईट वाटतं. मुलाला तिथे कपाटापुढे एकटं सोडा. आपण निवडून देऊ नका. माझ्या मुलाने पहिल्यांदा सगळ्यात पातळ पुस्तक उचललं, कारण 'लवकर संपेल'. तो कवितासंग्रह निघाला. तुमच्या सोसायटीत दहा-वीस वाचणारी घरं असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची चौकशी करा, पुस्तकांची पेटी मिळते आणि आपापसात बदलता येते.

आणि आवडलेली कविता हाताने उतरवायची. मोबाइलमध्ये फोटो काढायचा नाही. उतरवताना प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं, ओळ कुठे तोडली ते दिसतं. तुकोबांचा 'सुंदर ते ध्यान' उतरवताना मुलाने दर तुकड्याखाली अक्षरांची संख्या लिहिली. सहा, सहा, सहा, चार. 'सुंदर तें ध्यान', 'उभे विटेवरी', 'कर कटावरी', 'ठेवूनियां'. मग त्यानेच दाखवलं की यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याचं जुळतं, शेवटचा मोकळा. त्याचं म्हणणं, "शेवटचा तुकडा छोटा आहे कारण तिथे टाळ वाजतो." भजनात बसल्याशिवाय हे सुचत नाही. आमच्या गल्लीत एकादशीला भजन असतं, तिथे तो मागे बसतो.

---

सिडकोकर | १९ ऑगस्ट, रात्री १०:०५

सगळं छान वाटतं वाचायला. पण एक खरं बोलू का? नोकरी करणाऱ्या आईबापांना एवढा वेळ कुठून आणायचा? मुलांनाही सातवीपासून स्कॉलरशिप, ऑलिंपियाड, क्लास. कवितेवर रोज अर्धा तास दिला आणि प्रश्नोत्तरं तशीच राहिली तर? डबा वाजवून मार्क मिळत नाहीत. वाईट हेतूने म्हणत नाही, माझ्या मुलाचं मराठी याच भानगडीत मागे पडलंय.

---

जुने मास्तर | २० ऑगस्ट, सकाळी ६:३५

तुमची काळजी खोटी नाही. तिला उत्तर द्यायला हवं.

नववी-दहावीला कवितेचं रसग्रहण विचारतात. तिथे आशय, भाषा, यमक, लय, आवडलेली कल्पना, यावर स्वतःचं लिहायचं असतं. मी वर्षानुवर्षं तपासलं आहे. शंभर पेपरांत नव्वद मुलं लिहितात, 'कवितेत यमक साधल्याने गेयता निर्माण झाली आहे.' कुठलं यमक? कुठे गेयता? एक शब्द नाही. हेच वाक्य कुठल्याही कवितेला चिकटवता येतं. जो मुलगा लिहितो की अमुक ओळीत 'सरसर' शब्दामुळे पावसाचा आवाज येतो, त्याच्या उत्तरापाशी तपासणारा थांबतो. हे मूल गाइडातून येत नाही, ते घरून येतं. आणि त्याला रोज अर्धा तासही नको. आठवड्याला एक कविता, रोज दहा मिनिटं. मुलगा बसमध्ये म्हणू शकतो, अंघोळ करताना म्हणू शकतो.

गाइड घरात असू द्या, पण कविता पाच वेळा मोठ्याने म्हटल्याशिवाय उघडायचं नाही, एवढा एक नियम करा. नंतर उघडलं तर मूल गाइडशी भांडतं. ते भांडण म्हणजेच अभ्यास.

तुमच्या मुलाला कुठली कविता नकोशी वाटते ते विचारा. आवडती नको, नावडती. 'का नाही आवडली' याचं उत्तर तो मनापासून देईल. तिथून सुरू करा.

---

मृद्गंध | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ७:२०

नमस्कार. मी आईच्या आयडीवरून लिहितेय, आईला विचारून. मी आठवीत आहे. आई हा धागा मोठ्याने वाचत होती म्हणून मला लिहावंसं वाटलं.

मला कविता नाही आवडायच्या. कारण प्रत्येक कवितेखाली प्रश्न असतात आणि कविता वाचतानाच ते दिसतात. आता मी प्रश्नांवर कागद ठेवते.

कुसुमाग्रजांची 'कणा' मी ताईच्या पुस्तकात वाचली. पुरात घर गेलेला मुलगा आपल्या सरांना भेटायला येतो ती. त्यात तो म्हणतो की गंगामाई पाहुणी म्हणून आली होती. माझ्या पुण्याच्या मावसबहिणीने विचारलं, गंगा नदी तर उत्तरेत आहे ना? मला हसूच आलं, कारण आमच्याकडे आजोबा रोज म्हणतात "गंगेवर जाऊन येतो" आणि ते जातात रामकुंडावर. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. त्यामुळे मला ती कविता आमच्याच घाटावरची वाटते. २०१९ च्या पुरात आम्ही लांबून बघायला गेलो होतो. सगळे एकच विचारत होते, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं? कमरेपर्यंत, छातीपर्यंत, असंच मोजतात. मी तेव्हा लहान होते, मला वाटलं मारुतीला थंडी वाजत असेल. घाटावरच्या दुकानदारांनी सामान वर काढून ठेवलं होतं. दोन-तीन दिवसांनी गेलो तर सगळे फावड्याने चिखल काढत होते आणि एक काका चक्क हसत होते. कवितेतला मुलगा पण हसतो. पहिल्यांदा वाचताना मला ते खोटं वाटलं होतं, एवढं नुकसान झाल्यावर कोण हसतं? मग ते काका आठवले.

सरांचा हात खिशाकडे जातो तेव्हा तो उठतो. त्या ओळीवर मी खूप वेळ थांबले. मला वाटतं सरांचं काही चुकलं नाही. पण त्याला दुसरंच काहीतरी हवं होतं.

शाळेत हे लिहिता येईल का माहीत नाही. घरच्या वहीत लिहिलं आहे.

---

शेवंती | २१ ऑगस्ट, रात्री ९:३०

बाळा, तुझी पोस्ट लेकीला वाचून दाखवली. तिने पण प्रश्नांवर कागद ठेवला आहे. ती विचारतेय, तू वहीत पेन्सिलने लिहितेस की पेनने?

---

मृद्गंध | २१ ऑगस्ट, रात्री ९:४२

कविता पेनने, मला काय वाटलं ते पेन्सिलने. ते बदलतं म्हणून. :)

---

जुने मास्तर | २२ ऑगस्ट, सकाळी ६:४०

या मुलीने लिहिलं आहे ते मी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवतो आहे. तिच्या आईची परवानगी असेल तरच, कृपया कळवावे.

---

द्राक्षवेल | २३ ऑगस्ट, दुपारी २:०५

मी निफाडची. पाऊस लागून राहिलाय, बागेत पाय ठेवता येत नाही, म्हणून निवांत वाचला धागा. द्राक्षांची गोडी छाटणी सुरू झाली की मान वर करता येत नाही.

शेवंतीताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य मला टोचलं. रागावू नका. 'सासूबाईंना लिहिता-वाचता फारसं येत नाही, त्यामुळे अभ्यासात मदत नाही.' ताई, कवितेच्या अभ्यासात तुमच्या घरात सगळ्यात जास्त शिकलेलं माणूस त्याच आहेत. 'शिरवे' कोणी सांगितलं? बहिणाबाई चौधरींना कुठे लिहिता येत होतं? त्या जात्यावर, शेतात म्हणत गेल्या. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या दुसऱ्यांनी त्यातलं काही उतरवून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. १९५१ साली त्या गेल्या, पुस्तक निघालं १९५२ साली. त्यांनी स्वतः ते पाहिलं नाही.

सिन्नरकडच्या त्या वयाच्या बाईला ओव्या येत नाहीत असं होणार नाही. फक्त विचारताना 'तुम्हाला कविता येतात का' असं विचारू नका, त्या नाही म्हणतील. 'दळताना काय म्हणायचात' असं विचारा. आणि बसून विचारू नका. हाताला काम असलं पाहिजे. माझ्या सासूबाईंना नुसतं बसवून विचारलं की एक ओळ आठवायची नाही. तांदूळ निवडायला दिले की सुरू.

---

पायवाट | २३ ऑगस्ट, दुपारी २:३०

ताई, काय बोललात. माझी आजी गेली तेव्हा तिच्यासोबत सगळं गेलं, आम्ही एक ओळ उतरवली नाही. शेवंतीताई, आजच विचारा.

---

सिडकोकर | २५ ऑगस्ट, रात्री ८:५०

मास्तर, मुलाला नावडती कविता विचारली. पंधरा मिनिटं बोलला. मराठीत. कवीने फुलांना हसवलंय ते त्याला पटत नाही, कारण त्याच्या मते फुलं गंभीर असतात. मी काहीच म्हटलं नाही, ऐकत होतो. उद्या दुसरी नावडती कविता आहे.

---

शेवंती | ३ सप्टेंबर, रात्री ११:१०

उशीर झाला, पण सांगण्यासारखं झालं आहे.

द्राक्षवेलताई, तुमचं वाक्य मलाही टोचलं, आणि टोचायलाच हवं होतं. शनिवारी सासूबाईंसमोर शेंगांची पाटी ठेवली, लेकीलाही बसवलं. तिने विचारलं, "आजी, दळताना काय म्हणायचीस?" त्या म्हणाल्या, "काय म्हणायचं, झोप येऊ नये म्हणून आपलं काहीतरी." मग दहा-बारा शेंगा सोलल्या आणि एकदम,

पहिली माझी ओवी गं पहिला माझा नेम

आवाज पातळ झालाय, पण चाल सरळ. अकरा ओव्या झाल्या. माहेरच्या वाटेवरच्या, भावावरच्या, एक त्यांच्या सासूवरची, ती म्हणताना त्या हसल्या आणि मीही. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली, या बाईचा हा आवाज मी ऐकला नव्हता. लेकीने फोनवर रेकॉर्ड केलं आणि रात्री बसून वहीत उतरवलं, पेनने.

आता तिची शंका, जी मला सोडवता येत नाही. तिसऱ्या ओवीत 'वैरण' शब्द आहे. ती म्हणते वैरण म्हणजे गुरांचा चारा, मग दळताना वैरण कुठून आली? सासूबाईंना विचारलं तर म्हणतात, "वैरण म्हणजे वैरणच की." आणि तिला दुसरंही एक दिसलं आहे. आजी प्रत्येक ओवीत एकाच जागी थांबते, अर्ध्या ओळीनंतर, आणि तिथे श्वास घेत नाही. मग का थांबते?

---

द्राक्षवेल | ४ सप्टेंबर, पहाटे ५:४५

वाचूनच बरं वाटलं ताई.

जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकतात, तीही वैरण. उजवा हात खुंट्यावर, जातं फिरतंय, डाव्या हाताने सुपातून मूठ घ्यायची आणि टाकायची. मूठ टाकायची वेळ आली की जातं जरा हळू होतं. ओवी तिथेच थांबते. दाणे पडले, खुंट्याला जोर दिला की पुढचा अर्धा. जातं गेलं तरी थांबायची जागा तोंडात राहिली आहे.

मुलीला म्हणावं, आजी म्हणत असताना तिच्या डाव्या हाताकडे बघ.

---

शेवंती | ४ सप्टेंबर, रात्री १०:२०

बघितलं. शेंगा नव्हत्या समोर, काहीच नव्हतं. तरी थांबण्याच्या जागी बोटं मिटतात आणि उघडतात. लेकीने वहीत प्रत्येक ओवीत त्या जागी पेन्सिलने एक छोटी मूठ काढली आहे. उद्या बारावी आठवते का ते विचारणार आहे, तांदूळ काढून ठेवलेत.